किचन ते बेडरूम

मंगळवार संध्याकाळ, नोएडा

घरात मोबाइलला रेंज नाही, म्हणून नागपूरहून आईचा फोन वायफायवरच येतो. तोही किचनमधून बेडरूममध्ये जाताना पॅसेजमध्ये हमखास तुटायचा. एक राउटर सुटून दुसरा लागेपर्यंत आवाज पूर्ण बंद. आज टेक्निशियन येऊन दोन्ही नीट जोडून गेला. आईला हे सांगायचं राहिलं.

नेहमीसारखं "थांब, आत जाते," म्हटलं. पॅसेजमध्ये आवाज तुटलाच नाही. तिकडे आई बाबांना म्हणत होती, "रिपोर्टचं तिला काही बोलू नका हं."

कुणाचा रिपोर्ट? आईचा? बाबांचा? रडू यायला हवं ना? पॅसेजमध्येही आलं नाही, आत्ताही येत नाहीये.

"पोचलीस का आत? येतंय ऐकू?"

"हो, आत्ता येतंय," मी म्हणाले.