सहीखालची तारीख

३ मार्च, मंगळवार

वकील एकच! आमचाही तोच, चष्मेवालीचाही तोच. चष्मेवाली म्हणजे आपलं बाळ आम्हाला दत्तक देणार ती पोरगी – दिवस भरत आलेत. मी विचारलं, "उद्या आमचं नि तिचं बिनसलं तर तुम्ही कुणाच्या बाजूने?" वकील नुसते हसले. ह्यांनी टेबलाखालून पाय मारला. घरी येईपर्यंत मला नवं नावही मिळालं – चौकशी खिडकी!

पण काय काय कळलं! जन्मानंतर तीन दिवस उलटल्याशिवाय आईने संमतीची सही करायचीच नाही. केली तरी तीस दिवसांत मागे घेता येते. तीनच का बरं? चार का नाही? कुणी ठरवलं असेल?

९ मार्च, सोमवार

मुलगी झाली!! काचेतून पाहिली. एवढंसं तोंड, पण जांभई केवढी!

चष्मेवाली म्हणाली, "ताई, ती रडायची थांबलीच नाही तर काय कराल?" मी पर्समधून बाळासाठी टिपणं काढलेली वहीच काढली. आधी लंगोट बघायचा, मग दूध, मग खांद्यावर घेऊन पाठीवरून हात. ती कान देऊन ऐकत होती. वर "आणि मग?" माझ्याहून चौकस निघाली!

१३ मार्च, शुक्रवार

वकिलांनी संमतीचा कागद पुढे केला. चष्मेवालीची सही निळ्या शाईत. खाली आजची तारीख – काळ्या शाईत, वकिलांच्या अक्षरात. औषधांच्या दुकानात बावीस वर्षं तारखाच वाचत आलेय मी, माझ्या नजरेतून सुटते होय! "सही कधी घेतली?" "सातव्या महिन्यातच. आपली पद्धतच आहे, ऐन वेळी धावपळ नको."

म्हणजे ही सही नाहीच की! आणि सोमवारी बाळ घरी आणायचंय.

१४ मार्च, शनिवार

हे म्हणाले, "कुणाला कळणार आहे?"

मला कळलंय ना!

१६ मार्च, सोमवार

चष्मेवालीला सगळं सांगून टाकलं. तिने चष्मा काढून पुसला. "म्हणजे मी अजून हो म्हटलंच नाही?" नाही, म्हटलं. तिला वेगळी वकीलबाई शोधून दिली, आमच्याशी काही संबंध नसलेली. मग जिन्यात बसून भरपूर रडले. मला ते बाळ हवंय. हवंच आहे! मग सांगितलं कशाला? मोठी झाल्यावर लेकीनेच विचारलं असतं – माझ्या आईने सही कधी केली? काय दाखवलं असतं मी?

१९ मार्च, गुरुवार

निरोप नाही. पाळणा जोडून झाला, तरी चार स्क्रू उरलेत. कुठले राहिले?

२४ मार्च, मंगळवार

सकाळी सातला फोन. चष्मेवाली. मागे रडणं – चांगलं खणखणीत! "ताई, लंगोट बघितला. दूधही पाजलं. पुढे काय होतं वहीत?"

"खांद्यावर घे," म्हटलं. "पाठीवरून हात फिरव."

रडणं थांबेपर्यंत फोन ठेवला नाही.