वेगळं शेड

प्रिय सिद्धोधन,

जयभीम. आई गेली तेव्हा धम्मपालकाकांनी फोनवर तुला ‘सगळं नीट झालं’ एवढंच सांगितलं. नीट काहीच झालं नव्हतं.

गेल्या वर्षी इंग्लंडहून आलास तेव्हा तू तिथं काय शिकवतोस ते आईला समजावत होतास. जगातल्या न्यायाचा विचार करणारे दोन तऱ्हेचे लोक असतात, म्हणालास. एक म्हणतात, पूर्ण न्यायी जग कसं असेल ते आधी ठरवा. दुसरे म्हणतात, समोर जे पर्याय असतील त्यांतला कमी अन्यायाचा उचला. या दुसऱ्यांना तू हसून ‘तडजोडवाले’ म्हणालास. आईला किती कळलं कोण जाणे, मान मात्र डोलावत होती.

तू परत गेलास आणि सरपंच योगीराज सांगत आले, वस्तीसाठी वेगळं स्मशानशेड मंजूर झालंय. काका तयार होते. विहारात तुझा फोन स्पीकरवर लावला. तू म्हणालास, “न्यायी गावात स्मशान एकच असतं. वेगळं घेतलंत तर वेगळेपणावर आपणच सही केली.” टाळ्या पडल्या. नकाराला पहिला हात आईनं वर केला. “माझा सिद्धू बोलायलाय,” म्हणाली.

आई गेली ती भर झडीत. आपल्या उघड्या जागेचा चिखल झाला होता. काका गावचं शेड मागायला गेले. योगीराज म्हणाले, “तुमीच न्हाई म्हणलात की. आता आमच्या लोकांला मी काय सांगू?” मग टायर आणले, डिझेल ओतलं. चिता पुन्हा पुन्हा विझली. आई अर्धी राहिली, सिद्धू. पाय तसेच होते, टाचांच्या भेगांसकट. कुत्री जमायला लागली तशी मी काठी घेऊन उभी राहिले. शेवटी माणसांनी खड्डा खणून उरलेलं मातीत लोटलं.

तुझं चुकलं असं मी आजही म्हणत नाही. स्मशान एकच हवं. पण तोवर आम्ही मरायचं थांबायचं, हे तू सांगितलं नव्हतंस. गेल्या महिन्यात आम्ही वेगळं शेड मागून घेतलं. योगीराज हसले. आम्ही खाली बघत उभे राहिलो. तुला विचारलं नाही.

हे आज लिहिलं ते तुझ्या निरोपामुळं. न्यायावरच्या तुझ्या पुस्तकात वस्तीच्या नकाराची गोष्ट घालतोयस, सोबत आईचा फोटो हवाय. फोटो देणार नाही. गावी आलास तर घरी ये, जेव, झोप. वस्तीत कुणाला न्याय सांगू नकोस. माझ्याशिवाय कुणी ऐकायलाही येणार नाही, आणि मी आता ऐकणार नाही.

तुझीच,
रोहिणीताई