डाव्या गालावरचा तीळ

४ मे
आज आमच्या सामात्या वस्तीतून पेरा टेकडीवर राहायला आले. खिडकीतून सगळी खाडी दिसते, मजाच मजा! फ्रेंच चित्रकार मुस्यू गोबेर तुर्की जनान्यावर प्रवासाचं पुस्तक छापतोय. चित्रं तांब्याच्या पत्र्यावर कोरतो. पण त्याला जनान्यात घेणार कोण? म्हणून मी, आर्मेनियन सिरवार्द, तुर्की सलवार घालून समोर बसायचं. माझं लग्न ठरलंय, चेहरा छापला तर मोडेल, म्हणून मी कचरत होते. दिरुही आत्या त्याचं हे घर सांभाळते. ती म्हणाली, अगं वेडाबाई, तो कपड्यांचंच चित्र काढतो, चेहरा मनाचा घालतो. क्रुसावर हात ठेवून सांगितलं. आईमागे तिनेच मला वाढवलं. मला दोन लेकी, असं सगळ्यांना सांगते.

७ मे
मुस्यू दिवसभर उशांवर लोळायला लावतो. जनान्यात सगळ्या लोळतातच म्हणे. मग धुणी कोण धुतं, मी विचारलं. आत्या खो खो हसली. माझ्या खोलीत त्याचं जुनं चित्र आहे: आत्याची लेक नवार्द, हातात कॉफीचा पेला. चेहरा हुबेहूब तिचाच. तिने हौसेने काढून घेतला, म्हणाली आत्या. नवार्द लग्न होऊन इझमीरला गेलीय. आत्या रोज त्या चित्रावरची धूळ पुसते.

१२ मे
चित्राची पहिली प्रत छापून निघाली. चेहरा माझाच! पत्र्यावरचं छापताना उलटं येतं, म्हणून माझ्या डाव्या गालावरचा तीळ कागदावर उजवीकडे. मी रडले, भांडले. आत्या नवार्दच्या चित्रावरची धूळ पुसत राहिली.

१३ मे
तोंड धुताना बोटाला तीळ लागला. उजव्या गालावर. सुईसुद्धा डाव्या हातातच धरवते. मला फार भीती वाटतेय.

१५ मे
त्याने चित्रातल्या खिडकीला जाळी कोरली. माझ्या खिडकीला जाळी आली. चित्रात दार काढलेलंच नाही. माझ्या खोलीला सकाळपर्यंत दार —

१६ मे
भिंतीवरच्या चित्रात उशा आहेत, पेला आहे. नवार्द नाही.
खालून आत्याचा आवाज. नवार्द, माझ्या राजा, गरम आहे तोवर जेव गं.
आत्या, क्रुसावर हात ठेवला होतास! मी किंचाळले. तिने ऐकलं. तिची हाक अर्ध्यात तुटली, मग ताटं वाजली.

पाय उशांवरून उचलवत नाहीत — छापायचं चाक फिरतंय — आत्या, तूच म्हणायचीस ना, मला दोन लेकी आणि