नंबराआधीचं शून्य

॥ श्री ॥
मखमलाबाद, नाशिक
१२ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
रूपालीचा शि. सा. न. वि. वि.

फोनच करणार होते, पण तुझी सूनबाई चोरून ऐकते असा तुला संशय, म्हणून हे पत्र. इकडे दादा-वहिनी बरे आहेत. शेवंती संपत आली, गुलाब चालू आहे.

आता मुद्द्याचं. रविवारी नांदगावचे पाहुणे मला बघून गेले. मुलगा मला आवडला, तुला म्हणून सांगते. चहा येईपर्यंत सगळं गोड चाललं होतं. मग मीच माझ्या पहिल्या लग्नाचा विषय काढला, तर मुलाच्या आईने कप खाली ठेवला. मंडळाच्या वधूवर यादीत घटस्फोटित मुलीच्या नंबराआधी शून्य असतं, तुमच्या का नाही, आम्हाला फसवलंत, असं म्हणत सगळे उठले. मी यादी काढून पाहिली. ०३८ च्या जागी नुसतं ३८.

आत्या, फॉर्म तू भरून दिला होतास. शून्य नको असं तू कुणाला सांगितलंस का? मी काही लपवलेलं नाही, तरी भावकीत लबाड ठरले. खरं काय ते लिही.

लोभ आहे असं धरून चालते. उत्तर आलं की खात्री होईल.
रूपाली

॥ श्री ॥
मनमाड
१८ फेब्रुवारी

चि. रूपालीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. कडेवर घेऊन फिरवलेल्या पोरीने माझ्यावरच आळ घ्यावा? घटस्फोट झाला असं मी ठळक अक्षरात लिहून फॉर्म गोटीराम भावजींच्या हातात दिला. ते मंडळाचे चिटणीस, माझे चुलत दीर, तरी सांगते, मला त्यांचाच संशय येतो. त्यांच्या भाच्याला तू नकार दिलास, आठवतं ना? दिसायला माणूस गरीब, पण मनात धरून ठेवणारा. आता यादी कॉम्प्युटरवर करतात, बंद खोलीत काय करतात कोण बघतंय! तू जा आणि त्यांच्या हाताकडे लक्ष ठेव. चहा घे, पण गोड बोलण्याला भुलू नकोस.

रागावले आहे, पण माया आटलेली नाही. तुझीही आटू देऊ नकोस.
सखुबाई

॥ श्री ॥
नाशिक
२६ फेब्रुवारी

ती. आत्यास,
रूपालीचा शि. सा. न. वि. वि.

आधी मला माफ कर. शून्य तू काढलं नाहीस आणि गोटीरामकाकांनीही नाही.

काकांच्या घरी कॉम्प्युटरजवळ मी त्यांच्या हाताकडे बघत बसले, तर ते माझ्याकडेच टकमक बघत होते. शून्य मीच कुणाकडून तरी पुसून घेतलं असं त्यांना वाटत होतं! शेवटी त्यांनी माझ्यासमोर ०३८ टाइप करून एंटर दाबलं आणि शून्य गायब. पुन्हा टाइप केलं, पुन्हा गायब. आपली सून मागून येऊन हे खोडते अशी त्यांची समजूत, म्हणून हल्ली ते आतून कडी लावून बसतात. मला हसू आवरेना. मी काम करते त्या औषधांच्या दुकानात बॅच नंबर शून्याने सुरू होतात, त्यामुळे हा त्रास मला रोजचा. एक्सेलला तो आकडा वाटतो आणि पुढचं शून्य ते बिनकामाचं समजून टाकून देतं. आधी रकाना निवडून फॉरमॅट सेल्समध्ये टेक्स्ट करायचा आणि मग लिहायचं, म्हणजे शून्य टिकतं.

काकांनी मला खुर्ची दिली आणि आमच्यासारख्या सगळ्या जणींची शून्यं परत टाकायला सांगितली. मी बसले. मग विचारलं, बिजवर मुलांची शून्यं कुठे आहेत? काका म्हणाले की मुलांना ती पहिल्यापासून नाहीतच. आत्या, मला फार राग आला. लग्न मोडलं तेव्हा नावाआधीचं सौ. गेलं आणि नंबराआधी शून्य आलं. मी टेक्स्ट केलंच नाही. त्याच फॉरमॅट सेल्सच्या कस्टममध्ये जाऊन चार शून्यं दिली, म्हणजे प्रत्येक नंबर चार आकडी दिसतो, ३८ चा ००३८. आता पोरं-पोरी सगळ्यांच्याच नंबराआधी शून्य आहे. शेजारी 'आधीचं लग्न' असा नवा रकाना काढला, त्यात ज्याने त्याने शब्दांत लिहायचं. माझं मी पहिलं लिहिलं. काकांनी तो रकाना दोनदा वाचून पाहिला. मग म्हणाले, राहू दे.

तुझ्या लोभावर पुन्हा शंका घेणार नाही. तोही तू तसाच राहू दे.
रूपाली

॥ श्री ॥
मनमाड
१३ मार्च

चि. रूपालीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

नवी यादी सूनबाईने मोबाईलवर मोठी करून दाखवली. भावजींचाही फोन आला होता. नांदगावच्या त्या बाईंनी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं म्हणे. आमच्या मुलाच्या नंबराआधी शून्य का, तो काय तसला आहे का? भावजी म्हणाले की शून्य आता सगळ्यांनाच आहे, तुम्ही फक्त शेजारचा रकाना भरून द्या. दुसऱ्या दिवशी बाईंचा निरोप आला की मुलाचं नावच यादीतून काढा.

मला राहवेना. नांदगाव इथून किती लांब? चौकशी केली. त्या मुलाचं लग्न झालेलं आहे. बायको येवल्याला माहेरी आहे आणि सोडचिठ्ठी अजून झालेली नाही. आपल्याला लबाड म्हणून उठून गेले ते हे लोक.

तो तुला आवडला होता, हे मी विसरले नाही. वाईट वाटलं तर चार दिवस इकडे ये.

माया आहेच. संशय घ्यायचं काम माझ्याकडे राहू दे, तुझं मन तू स्वच्छ ठेव. हे पत्र टाकायला सूनबाईकडेच देते आहे. तिने वाचलं तर वाचू दे, आपल्याकडे लपवण्यासारखं काही नाही.
सखुबाई