पाटाचा आवाज

बुधवार, दिवे लागल्यावर
खांदा कॉलनी

कॉलेजची पोरं गावांतल्या सर्वेक्षणाहून माझ्याकडे आली की दिवसभरात काय घडलं ते मी त्यांच्याकडून वदवून घेते, मग लिहायला बसवते. आज त्यांतली केतकी नेरे गावाहून आली ती रडतच. तिथल्या एका बाईला तिनं विचारलं, "घरात निर्णय कोण घेतं?" बाई हसून म्हणाली, "मीच! यांना काय नाय समजत." नवरा शेजारीच उभा. त्यानं बसायचा पाट उचलला आणि तिच्या डोक्यात घातला. शेजारणींनी दवाखान्यात नेलं, टाके पडले. केतकीच्या फोनवर सगळं रेकॉर्ड झालंय, मी ऐकलं. तो पाटाचा आवाज!

केतकीनं अहवालात एवढंच लिहिलं होतं, 'मुलाखत अपूर्ण.'

"अगं, अपूर्ण? रक्त सांडलं ना तिचं?"

"आजी, रेकॉर्डिंग पुसून टाकू?"

"आत्ता नको. आणि नवऱ्यासमोर विचारलंस, तेही लिही."

हमसून रडली पोरगी, पण लिहिलं. फार कडक बोलले का मी? लेकरूच ते. पण तो पाट कानातून जात नाही.

उद्या नवरा कामावर गेला की केतकी आणि मी त्या बाईकडे जाणार. आधी जखम बघायची. मग रेकॉर्डिंगचं काय करायचं ते तिलाच विचारायचं. हा निर्णय तरी तिनं घ्यावा.