फरशीवरचं व्हिएन्ना

१८ मार्च १९८३, शुक्रवार
दादानं सही दिली नाही. "नाशिकला जायला कधीही देतो. व्हिएन्नात कोण आहे आपलं?"
कोणी नाही, म्हटलं. म्हणून तर.
तो हसला. "इंजिनियरबाई, आईला काय सांगू?"
मी ऑफिसात गटारांचे नकाशे काढते. अर्ध्या दोह्याचं सांडपाणी माझ्या पेनातून वाहतं. पण व्हिसा दादाच्या नावावर, त्यामुळे कतारबाहेर पाऊल टाकायचं तर परवान्यावर सही त्याची. वहिनीचंही तेच.

२० मार्च
ट्रॅव्हल एजन्सीतल्या जाफरनं व्हिएन्नाचा नकाशा दिला. घड्यांवर फाटलेला. सुट्टी झाल्यावर ट्रेसिंग पेपरवर उतरवला, चौपट मोठा करून.

२५ मार्च, शुक्रवार
बाहेर धुळीचं वादळ. खिडक्या पिवळ्या. दादा झोपलेला. हॉलच्या फरशीवर नकाशा पसरला, कोपऱ्यांवर डाळींचे डबे. मधोमध जुनं शहर, भोवती रिंग नावाचा रस्ता, त्यावर ट्राम. ट्राममध्ये बसून राहायचं आणि राजवाडे खिडकीतून पाहायचे – आम्हाला परवडेल ते एवढंच.
नयनावहिनी पोळ्या झाकून आली. रिंगवर बोट ठेवलं. "मी इथे उतरले. बाकडं आहे का?"
"बाग आहे. असेल."
"मग मी बसते. तू जा, बघून ये."
बोट न हलवता बराच वेळ तशीच बसली. एसी घरघरत होता. मला तिच्या हातावर पानांच्या सावल्या दिसल्या. खरंच दिसल्या! असलं मी सहसा लिहीत नाही.

१ एप्रिल
आता दर शुक्रवारी दुपारी जातो. आज ऑपेरा. उभं राहून ऐकायचं तिकीट अगदी स्वस्त. कठड्याला रुमाल बांधला की जागा आपली, असं जाफर सांगत होता.
वहिनी – "रुमाल टाकून जागा धरायची? मग आपली एसटी काय वाईट होती!"
इतकी हसली की दादा उठला.

८ एप्रिल
वहिनी तीन वर्षं माहेरी गेलेली नाही. लग्नाआधी सिन्नरच्या शाळेत शिकवायची. हेडबाई अजून बोलावतात. आज जेवताना तिनं विषय काढला.
"एकदा गेलीस की सहा महिने येत नाहीस," दादा म्हणाला. "पुढच्या वर्षी. इन्शाल्ला!"
आवाज गोड. तो नेहमीच गोड असतो. ती ताक वाढत राहिली. मी मध्ये पडले नाही.

१५ एप्रिल
मिळाली सही!! दादा आपणहून म्हणाला, "दोघी जाणार असाल तर देतो. एकटीला नाही. हिलाही जरा बदल."
वहिनी गवार मोडत होती. "मला काय कळतंय तिथलं," म्हणाली. मान वर केली नाही.
नंतर स्वयंपाकघरात – "तू नकाशे बघ. जाफरकडून तिकिटं मी आणते."
तिला मिठी मारावीशी वाटली. मारली नाही.

१५ मे, व्हिएन्ना
पोचलो. मुलींचं होस्टेल, लोखंडी दुमजली पलंग. पाचवारी साडीवर पाठपिशवी लावलेली वहिनी! एक कॅनेडियन मुलगी तिचा फोटो काढून गेली.
रात्री नऊपर्यंत उजेड. कोणाला घाई नाही. काळा पाव आणि कैरीचं लोणचं.

१७ मे
मोठ्या चर्चचं छप्पर रंगीत कौलांचं, नागमोडी नक्षीचं. उतार इतका तीव्र की ही कौलं बसवली कशी, याचाच विचार करत उभी राहिले. मान दुखली.
रिंगवर बाकडं आहे. चेस्टनटला पांढरे तुरे आलेत. वहिनी बसली, मी जाऊन आले. परतले तेव्हा ती डोळे मिटून होती. म्हटलं, झोपलीस? "नाही गं. ह्या वेळेला मी काय करत असते, ते आठवत होते."

१९ मे
ऑपेरा. तिनं शालीचं टोक कठड्याला बांधलं. एक शब्द कळला नाही. माझे पाय दुखले. ती रडत होती – मला वाटलं, गाण्यामुळे.

२१ मे
विमानतळ. वहिनीचं तिकीट मुंबईचं आहे. पहिल्यापासून मुंबईचंच काढलं होतं. माझ्या तिकिटाची ओळ न् ओळ मी तपासली होती. तिचं पाहिलंच नव्हतं.
"ह्यांना सांग, सही त्यांनीच केलीय." एवढंच बोलली. मग मला जवळ घेतलं, आणि गेली.
दोह्याची रांग लागलीय. मी अजून रांगेत नाही.