डाग पडलेल्या गायी आणि कळंबचं स्थळ

सास्तूर

प्रिय निकिता,

फोनवर बोलायला गेलं की तुझे बाबा शेजारी बसून कान लावतात, म्हणून लिहून काढतेय. शेजारची वैष्णवी या पानांचे फोटो काढून तुला धाडेल. जपानमधली नोकरी सोडून दिवाळीला लग्नासाठी येते म्हणालीस, तेव्हापासून माझ्या जिवाला चैन न्हाय.

चूक माझीच. ज्याच्याशी तुझं ठरलं त्या रणधीरच्या घरचे कळंबहून आले. आपल्याकडं पाहुणा आला की चहाच्या आधी गोठा दाखवायचा. बैलजोडी दाखवली, कालवड दाखवली, आणि लेकीच्या कौतुकात मीच मोबाईल काढून तुझ्या तिकडच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या गायीही दाखवल्या. त्या काळ्या, अंगावर पांढरे ठिपके उठलेल्या. ह्या पण आमच्याच, मी म्हणाले! तिकडची अणुभट्टी फुटल्यावर यांनी तिच्या विषानं बाधलेलं गवत खाल्लं, आमची निकिता यांचं रक्त तपासते, हेही सांगून बसले. झालं! रणधीरच्या आईनं कप खाली ठेवला. पोरीच्या अंगातही ते विष शिरलं असेल, पुढं लेकरं कशी निपजतील, असं माझ्याच ओसरीवर बसून विचारलं बाईनं. नोकरी सोडली तरच लग्न, असं सांगून ती मंडळी उठली. बाबांनी तुला कळवलं आणि तूही लगेच हो म्हणालीस.

त्या दिवशी मी काय गप बसते व्हय? तू समजावलं होतंस ते सगळं घडाघडा सांगितलं. ते काय शिवलं की लागतं असं न्हाय. चाऱ्यापाण्यातून पोटात जातं, मांसात मुरतं. चांगला चारा दिला की काही महिन्यांत शेणामुतातून बरंचसं उतरतं. पण तेवढ्या काळात रक्ताचं, पोटातल्या वासराचं काय होतं, ठिपके त्याचेच की आणखी कशाचे, हे अजून कुणालाच नीट ठाऊक न्हाय, आणि तेच तर माझी पोरगी शोधतेय. तिचीही तपासणी होते, हेसुद्धा सांगितलं. त्यावर रणधीरचे वडील हसले. ज्यांचं ना दूध विकता येतं ना मांस, असली गुरं तो म्हातारा शेतकरी, मारून टाकायचा सरकारी हुकूम मोडून, पोसतोच कशाला, म्हणे.

लई राग आला बघ. भूकंपात आपलं घर बसलं तेव्हा मी या घरात नवी सून होते. सगळे पत्र्याच्या शेडकडं निघाले, पण तुझा आजा दगडोबा गुरं सोडून हलला न्हाय. मोडका पाय घेऊन आठ दिवस दावणीपाशी बसून राहिला. त्यातली एक म्हैस तर भाकड होती. तुझ्या त्या म्हाताऱ्याचा फोटो पाहिला की मला आजाच दिसतो.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. सोमवारी मी एकटीच एस्टीनं कळंबला गेले. त्यांनी तुझ्यासाठी दिलेली साडी त्यांच्या देवापुढं ठेवली आणि लग्न मोडलं म्हणून सांगून आले. तुला विचारलं न्हाय, बाबांनाही न्हाय. माफीबिफी मागणार न्हाय. रणधीर स्टँडपर्यंत मागं आला होता. पोरगा वाईट न्हाय. त्याला खरंच हवी असशील तर आहेस तशी मागू दे, आईला घरी ठेवून. तुझे बाबा चार दिवस झाले माझ्याशी बोलत न्हाईत. बोलतील. पण तू राजीनामा दिलास, तर मी तुझ्याशी बोलणार न्हाय.

तुझीच,
आई